आधीच केलेली खूण

घराचं कर्ज घेतलं त्या दिवशी बँकेतल्या साहेबांनी चहा पाजला होता. काल बोनसचे पैसे कर्जात मुदतीआधी भरायला गेलो, तेव्हाही त्यांनी हसून चहा सांगितला आणि अर्ज पुढे सरकवला. त्यावर ‘हप्ता कमी करावा’ या चौकटीत पेनाने आधीच खूण केलेली होती.

“दर महिन्याला तेवढंच हलकं वाटेल तुम्हाला,” साहेब म्हणाले.

मला हलकं वाटावं म्हणून एवढी काळजी आईनंतर कुणी केली नव्हती. म्हणूनच शंका आली. पाच वर्षं भरलेल्या हप्त्यांतलं बरंचसं व्याजातच गेलंय, मुद्दल जेमतेम हललंय. हप्ता कमी केला तर वर्षं तेवढीच राहणार आणि व्याज चालूच. खिशाला आराम देऊ करणाऱ्यांची नजर बहुधा आपल्या वर्षांवर असते. की मीच संशयी झालोय?

“हप्ता आहे तेवढाच राहू द्या,” मी म्हणालो. “वर्षं कमी करा.”

साहेबांनी खूण खोडली आणि खालच्या चौकटीत केली.

पावती मिळेपर्यंत मी अर्धा तास तिथेच बसून होतो. चहा काही आला नाही.