एकोणीस अंशांवरची शेगडी

कतारमध्ये घर गरम करायला शेगडी आणणारा मी एकटाच माणूस असेन, आणि हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

जानेवारीत माझे सासरे, अप्पा, नाशिकहून आमच्या अल वक्राच्या व्हिलात दोन महिन्यांसाठी आले. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. त्यासाठी माझ्या बायकोने, मेधाने, तीन वर्षं विनवण्या केल्या होत्या. आल्या दिवशीच अप्पांनी फोनवर साऱ्या नातेवाइकांना ऐकवलं, "जावई इथल्या गॅस कारखान्यात तापमान सांभाळतात. साधं काम नाही ते." (खरंच आहे. मी कंट्रोल इंजिनीअर आहे.) चौथ्या दिवशी हेच अप्पा कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर चढवून सोफ्यावर बसले होते.

"वाळवंटात एवढी थंडी असते हे कुणी बोललं नव्हतं," ते म्हणाले. "मी आपला परत जातो."

मेधाचा चेहरा पडला. साधा माणूस अशा वेळी एक जाड रजई आणतो. मी इंजिनीअर!

ऑफिसातला एक इटालियन सहकारी देश सोडून चालला होता. त्याच्याकडे हौसेने मागवलेली आणि कधीही न पेटवलेली पेलेट शेगडी होती, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. ती त्याने मला इतक्या आनंदाने देऊन टाकली, की मी तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. धुराचा पाइप एक्झॉस्ट फॅन काढून त्या भोकातून बाहेर काढला. गोळ्या मात्र मिळाल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात. तिथे त्या मांजरांच्या शी-शूसाठी ठेवतात. मी बारा पोती उचलल्यावर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "सर, घर में कितनी बिल्लियाँ हैं?"

"एक भी नहीं," मी म्हणालो. "ससुरजी आए हैं."

त्याने घाईघाईने बिल फाडलं.

शेगडीला आचेच्या पाच पायऱ्या आणि पंख्याच्या पाच. म्हणजे पंचवीस जोड्या. सर्वोत्तम जोडी शोधायला मी सुट्टी टाकली, एक्सेल शीट उघडली आणि थर्मामीटर अप्पांच्या गळ्यात अडकवला. आच एक, पंखा एक, तासाभराने तापमान एकोणीस. आच दोन, पंखा तीन, एकोणीस. आच चार केली, एकोणीस. मी आलेख काढला. इतकी सरळ रेघ मला कारखान्यात उभ्या जन्मात मिळाली नव्हती!

"बाबा, इट्स द सेम नंबर एव्हरी टाइम," माझा मुलगा ईशान म्हणाला.

डेटा असाच धीराने जमा करायचा असतो, असं मी त्याला समजावलं. मग व्हिला बांधणाऱ्याच्या भिंती किती भिकार आहेत यावर मेधाला अर्धा तास ऐकवलं. ती शेगडीत मांजराच्या गोळ्या ओतत ऐकत होती.

प्रयोगाच्या तिसऱ्या दिवशी आच पाच, पंखा पाच. शेगडी धडधडत होती, अप्पा कुडकुडत होते. शेवटी ते उठले. परतीला चांगला दिवस कोणता ते बघायला त्यांनी हॉलमधलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि चष्मा वर करून भिंतीकडेच बघत राहिले.

"जावईबापू, इथे डबी आहे. एकोणीस लिहिलंय. शेजारी बर्फाचं चित्र आहे."

सेंट्रल एसी! ती डबी हॉलमध्ये वाईट दिसते म्हणून मीच तीन वर्षांपूर्वी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. तेव्हापासून एसी बाराही महिने चालूच होता. इथे इतकी वर्षं राहिलं की त्याची घरघर कानाला कळतच नाही. मी शेगडी वाढवली की तो इमानेइतबारे थंडी वाढवत होता. तापमान ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारी हीच रचना कारखान्यात करायचा मला पगार मिळतो.

अप्पांनी बटण दाबलं. वीस मिनिटांत त्यांनी दोन्ही स्वेटर काढले, तिसाव्या मिनिटाला शेगडी विझवायला लावली. मेधा हसता हसता रडली आणि मग नुसतीच रडली. परतीचा दिवस पुन्हा कुणी शोधला नाही.

संध्याकाळी अप्पा नाशिकला फोन करत होते.

"हो, जावई अजून कारखान्यातलं तापमान सांभाळतात," ते म्हणाले. "घरचं मी बघतो."