पाटावरचा हातोडा

बाबांचा हातोडा लांब दांड्याचा आणि लहान डोक्याचा. रेल्वेत असताना, फलाटाला लागलेल्या गाडीच्या एकेका चाकावर तो अलगद मारत ते चालत जायचे. चाक धड असले की स्वच्छ नाद उठे. तडा असला तर भिजल्या मडक्यासारखा बसका आवाज येई. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत चालले होते. सबंध गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजत गेली आणि बाबा मान कलती करून ती ऐकत गेले. पुढे मी छंदशास्त्र शिकले, तेव्हा जाणवले की कान मला आधीच मिळाला होता.

निवृत्तीनंतर शहराबाहेरच्या एका करमणूक उद्यानाने आकाशपाळण्याच्या तपासणीसाठी त्यांना ठेवून घेतले. रोज सकाळी प्रत्येक बैठकीचे बोल्ट ठोकून ऐकायचे आणि रजिस्टरात सही करायची. त्या सहीशिवाय पाळणा फिरत नसे. मी कधी जेवणाचा डबा घेऊन जाई, तेव्हा त्या लोखंडी वर्तुळाखाली उभी राहून वर बघे. माणसे हसत, किंचाळत, पाखरांएवढी होत आभाळात शिरत. एवढा भार त्या बोटभर बोल्टांवर, आणि ते बोल्ट बाबांच्या कानावर.

आमच्या घरी खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. आईची कात्री, माझे पेन, अडकित्ता, आणि पाटावर मधोमध बाबांचा हातोडा. हळदकुंकू वाहिले की दसरा होईपर्यंत अवजार उचलायचे नाही. नोकरीत असताना त्या दिवसापुरता ते एखाद्या सहकाऱ्याचा हातोडा मागून घेत. उद्यानात मागायला कोणी नव्हते.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी विचारले, आज हातोड्याशिवाय कसे करणार?

"काहून घाबरून राहिली? डोळ्यानं पाहून घेतो," बाबा म्हणाले. "रंगपण नवा लावला त्यांनी."

पूजेसाठी उद्यानवाल्यांनी पाळण्याला आदल्या दिवशी लाल तैलरंग दिला होता. त्या चकचकीत थराखाली सगळे बोल्ट सारखेच घट्ट दिसत होते. बाबांनी सही केली.

दुपारी एक बैठक वर असतानाच एका बाजूने सुटून लटकली. आत मझौली गावाहून आलेली एक शिक्षिका आणि तिची लेक होती. एक हात गजात अडकवून, दुसऱ्याने लेकीला छातीशी धरून, पाळणा खाली येईपर्यंत ती बाई तशीच राहिली. तिचा खांदा निखळला होता. मुलीला खरचटलेदेखील नव्हते. मी तेव्हा खालीच होते. एवढी गर्दी, पण झेंडूच्या माळा वाऱ्यावर लोखंडाला घासत होत्या, तो आवाज मला ऐकू येत होता.

चौकशीला मी बाबांसोबत गेले. चौकशी अधिकारी मायाळू होते. बोल्ट झिजलेला होता, तो केव्हाच बदलायला हवा होता आणि ते काम उद्यानवाल्यांचे होते, हे सिद्धच झाले होते. राहिली होती ती बाबांची सही. अधिकाऱ्यांनी स्वतःच वाट दाखवली: "बाबूजी, बोल्ट पुराना था। आपने तो देखा ही था। बस, यही लिख देते हैं।"

बाबांच्या उभ्या नोकरीवर एक डाग नव्हता. एवढे म्हणाले असते, तर पुढेही नसता. मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले.

"देखा था, सुना नहीं था," बाबा म्हणाले. "हथौड़ी पूजा में थी। बजाता, तो वो बोल देता। लिखिए।"

अधिकाऱ्यांची लेखणी थांबली होती. मी त्या आकाशपाळण्याकडे अनेकदा थक्क होऊन पाहिले आहे. त्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे पाहताना मला तितकेच वर पाहावे लागले.

काम गेले. बाबा मझौलीला जाऊन त्या शिक्षिकेला सगळे सांगून आले. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, की पाळणा परत सुरू झाला म्हणतात, मग आता तिथे कोण ऐकते? दुसऱ्या दिवशी बाबा हातोडा घेऊन उद्यानाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. नव्या तपासनिसाला ऐकायला शिकवू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. चार दिवसांनी उद्यानवाल्यांनी त्यांना आत घेतले.

या खंडेनवमीला आईने पाट मांडला, कात्री ठेवली, पेन ठेवले. मधली जागा रिकामी. निरांजनात तूप घालून, वात न लावताच ती बसून राहिली. साडेदहाला बाबा उद्यानातून आले. हातोड्याचा दांडा घामाने ओला होता, डोक्याला लाल रंगाची खपली चिकटली होती. आईने ती पुसली नाही. तिच्यावरच हळदकुंकू वाहिले.