मुरूमची शिवगंगा

बेंबळीच्या शिवारात, शिवकांताच्या माहेरच्या रानात शिवगंगाआईची समाधी आहे. शिवगंगा ही शिवकांताच्या आजोबांची आजी. मोठ्या दुष्काळात तिनं आपल्या वाटची भाकरी घरच्यांना घातली आणि स्वतः उपाशी गेली, असं घरातले सगळे सांगत. श्रावणात तिथं पूजा आणि गावजेवण होई. त्याचा मान शिवकांताच्या थोरल्या भावाचा, मल्लिकार्जुनअण्णाचा.

शिवकांता धाराशिवला नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं एकच ध्यास घेतला. या बाईचं माहेर कुठलं, तिचे भाऊबंद कोण, हे शोधायचं. अण्णा म्हणाला, "तू एकटी कशाला फिरतीस? मी हाय की." आणि खरंच, जीप काढून त्यानं तिला तेरला नेलं, कळंबला नेलं, परंड्यापर्यंत नेलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढं बसवलं. उन्हात उसाचा रस पाजला. हाती काही लागलं नाही की तोच समजूत घालायचा. एकदा ती म्हणाली, "अण्णा, उमरग्याकडं जाऊन बघू या का?" तो हसला. "तिकडं आपलं कोण हाय? समदी कानडी माणसं तिकडं."

पुढं दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न निघालं उमरग्याजवळच्या मुरूमला. अण्णाचे गुडघे दुखत होते, म्हणून शिवकांता एसटीनंच गेली. मांडवात तिच्याशेजारी हरणाबाई नावाची म्हातारी बसली होती. गाव विचारलं. बेंबळी म्हणताच म्हातारीनं तिचा हात धरला.

"अय्यो! आमची शिवगंगाअव्वा बेंबळीचीच की!"

शिवकांताला वाटलं, नावात नाव. पण म्हातारी बोलतच राहिली. शिवगंगा तिच्या नवऱ्याची पणजी. दुष्काळात बेंबळीची माणसं सोलापूरकडं कामाला निघाली होती. नळदुर्गाच्या धर्मशाळेत शिवगंगेला ताप भरला. नवरा म्हणाला, गाडी बघून येतो, पोराला संगं नेतो. गेला तो गेलाच. मुरूमच्या एका व्यापाऱ्यानं तिला गाडीत घालून आणलं. ती जगली. लोकांची दळणं दळली. पुढं तिचा इथं पाट लागला, लेकरं झाली.

"पोराचं लगीन हाय म्हणून कळलं, तवा चालत गेली हो बेंबळीला," हरणाबाई म्हणाली. "सासू दारात आडवी आली. म्हणाली, आमची सून मेली, ती बघ तिची समाधी. जित्या बाईला तिचीच समाधी दाखवली! पोराला लांबून बघून माघारी आली."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"माझ्या सासूनं. अव्वाच्या लई म्हातारपणी तिनंच न्हाऊ घातलंय तिला."

शिवकांताच्या डोळ्यांना धार लागली. आनंदानंही लागली असेल. बाई उपाशी मेली नव्हती. आपण त्याच घरची लेक, हे तिनं सांगितलं, तसं हरणाबाईनं सहज विचारलं, "मल्लू बरा हाय का? भुवईवर खोक पडल्याली त्याच्या."

"तुम्ही अण्णाला कसं ओळखता?"

"आला होता की, कालेजात होता तवा. आमी समाधी बघाय येतो म्हणून निरोप धाडला, तर तो न् तुमचा बाप आले. पुरणाची होळगी खाऊन गेले. बाप हात जोडून म्हणाला, अव्वा, गावाकडं येऊ नगा."

घरी परतताना एसटीत शिवकांताला शिवगंगेपेक्षा जीपच जास्त आठवत होती. तेर, कळंब, परंडा. दर खेपेला मुरूमपासून लांब जाणारा रस्ता.

दुसऱ्या दिवशी ती बेंबळीला गेली. अण्णा ओट्यावर बसला होता.

"अण्णा, हरणाबाईनं तुम्हाला विचारलंय."

त्यानं मान खाली घातली.

"बापाला शब्द दिला होता म्या."

"मग मला तसंच सांगायचं. नको शोधू म्हणायचं. फिरवलं कशाला मला?"

"तू एकटी फिरली असतीस तर कवातरी मुरूमला पोचलीच असतीस," तो म्हणाला. "आन् लोकांना काय सांगू? आपल्या माणसानं बायको वाटंवर टाकली, आन् आपण तिच्या नावानं जेवणं घालतो?"

"तिनं धर्मशाळेत वाट बघितली असंल," शिवकांता म्हणाली. "गाडी येईल म्हणून."

वहिनीनं ताट वाढलं होतं, शिवकांता न जेवताच उठली.

श्रावणात पंचमीला न्यायला अण्णा धाराशिवला आला. जिना चढून धापा टाकत होता. शिवकांतानं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा केला, गुडघ्याची गोळी घेतली का तेही विचारलं.

"चल की, शिवा," तो म्हणाला. "पोरी वाट बघायलेत."

"मी मुरूमला निघालेय, अण्णा. हरणाबाईनं बोलावलंय पंचमीला."

"मी सोडू का जीपनं?"

"नको," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून दाराला कुलूप लावण्यासाठी तो उठायची वाट बघत उभी राहिली.