दौलूची बाटली आणि माझी शिवी

दौलू गेल्याचं मला कराडच्या स्टँडवर एका कंडक्टरनं सांगितलं, आणि माझा पहिला प्रश्न होता, “तुला कुणी सांगितलं?” माणूस गेला की लोक हळहळतात, मी साक्षीदार शोधतो. जन्मभर मिस्त्रीकाम केलं, उघडून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही खोड हाडात मुरली. उसाला पाणी पाजताना बांधावर टेकला तो उठलाच नाही, असं कंडक्टर म्हणाला. मद्रासच्या धावपट्टीवर शर्यतीत भरधाव मोटरसायकलवरून पडून खांद्याचं हाड मोडून घेतलेला आणि पुढच्या हंगामात पुन्हा शर्यतीला उभा राहिलेला गडी बांधावर बसल्या-बसल्या जातो, हे मला काही केल्या पटेना. घरी आलो आणि न जेवता पडून राहिलो. आमचं भांडण मिटवायचं राहून गेलं होतं...

आजच्या वाचकांना दौलू माहीत असायचं कारण नाही. लढाईत तो पलटणीत मोटरसायकलवरून निरोप पोचवायचा. लढाई संपल्यावर घरी आला तो लष्करी लिलावातली एक फटफटी घेऊनच. कराडला माझं पत्र्याचं शेड होतं. फटफटी दारात उभी करून म्हणाला, “सदा, ही पळती, पण उडत न्हाई. उडव.” सहा महिने मी तिच्या पोटात हात घालून बसलो होतो. आमच्या भागात तेव्हा शर्यत म्हणजे बैलांची. यंत्रावर बसून माणूस पोट भरू शकतो म्हटलं, तर लोक आमच्याकडे कीव केल्यागत बघायचे. पण दौलूच्या डोक्यात एकच होतं, पगारी स्वार व्हायचं. आणि तशी संधी आली. दसऱ्याला सांगलीच्या माळावर शर्यत ठरली. पुण्याचे एक मोटरसायकलींचे व्यापारी स्वतः स्वार निवडायला येणार होते. पहिला येईल तो त्यांचा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. फटफटी दौलूच्या गावच्या अंगणात उभी होती. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं, थेंब थेंब साठवलेलं. ते मी चार पदरी कापडातून गाळून माझ्या हातानं टाकीत भरलं आणि नदीवर आंघोळीला गेलो. परत आलो तर दौलूच्या थोरल्या बहिणीनं, हौसाक्कानं, पूजा मांडली होती. तिचा नवरा पलटणीत, म्हणून ती माहेरीच असायची. दौलूला तिनंच वाढवलं. दिव्यावर हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ, चाकापुढं नारळ. मीही हात जोडले. मग फटफटी ट्रकमध्ये चढवून आम्ही सांगली गाठली.

पहिले दोन फेरे दौलू सगळ्यांच्या पुढं होता. तिसऱ्या फेऱ्याला यंत्र खोकलं, दोन आचके दिले आणि गप्प झालं. बाकीचे धूळ उडवत निघून गेले. मी पळत गेलो, कार्बोरेटरची वाटी सोडवली, तर पेट्रोलच्या तळाशी पाणी. एक-दोन थेंब नव्हे, चांगला घोटभर. माझं टाळकं सरकलं. पुण्याचा एक स्वार आता पहिला झाला होता, त्याच्या मिस्त्रीनं सकाळी माझ्याकडे पाना मागितला होता, तो का मागितला असेल हेही मला तिथंच उमगल्यासारखं वाटलं. शंभर माणसांत मी ओरडलो, “ज्यानं ह्यात पाणी घातलं, त्याचे हात झडतील!” दौलू माझ्या हातातल्या वाटीकडे बघत राहिला, आणि मग माझ्याकडे. ते बघणं मला आवडलं नाही.

त्यानंतर त्यानं एक बाटली बाळगायला सुरुवात केली. दवाखान्यातून औषध आणतात तसली, बाजूला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी डकवलेली. प्रत्येक शर्यतीआधी टाकीतलं थोडं पेट्रोल त्या बाटलीत काढायचा, हलवायचा आणि उजेडाकडे धरून तळ बघायचा. माझ्यासमोर. मीच गाळलेलं, मीच भरलेलं पेट्रोल! मी दात-ओठ खाऊन उभा राहायचो. पुढं वर्षभरानं त्याच व्यापाऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं. पुणे, बंगळूर, मद्रास झालं, दौलू पगारी स्वार झाला, मी त्याचा मिस्त्री. बक्षिसं आली, फोटो छापून आले. बाटली काही सुटली नाही.

मात्र पुण्याला निघायच्या आधी, पुढच्या खंडेनवमीला, एक गोष्ट घडली. संध्याकाळी दौलू माझ्या शेडवर आला आणि म्हणाला, “सदा, ती सांगलीची शिवी मागं घे.”

“का?”

“असंच. घे मागं.”

“नाव सांग, मग घेतो.”

तो उठून गेला. बघा आता, ज्याची शर्यत बुडाली तोच बुडवणाऱ्याची शिवी मागं घ्यायला सांगतो! मी काय समजायचं? मी समजलो की पाणी ह्यानंच घातलं. त्या पुण्याच्या स्वाराला भ्याला असेल, आणि आता स्वतःच्या हातांची काळजी लागली असेल. तीन वर्षं हा संशय उराशी धरून मी त्याच्या यंत्राचे नट आवळत होतो. एकदा बंगळूरला त्यानं बाटली उजेडाकडे धरली तेव्हा माझा तोल सुटला. म्हटलं, “एवढा संशय असंल तर दुसरा मिस्त्री बघ.”

“बाटली तुझ्यासाठी न्हाई, सदा.”

“मग कुणासाठी?”

त्यानं बूच लावून बाटली खिशात घातली. मी त्याच दिवशी गाडी पकडून कराडला आलो. पुढं दोन हंगाम करून तोही परतला आणि उसात रमला. चाळीस वर्षं बाजारात समोरासमोर आलो की “बरं हाय?”, “हाय,” एवढंच.

तेरावं उलटल्यावर मी त्याच्या गावी गेलो. यापुढचं हौसाक्काला कुणी वाचून दाखवू नये. तिला वाचता येत नाही, ते बरंच आहे.

ती सोप्यात बसली होती. मला बघून रडली. मग जुनं निघालं, फटफटीचं निघालं. “लय जीव त्याचा तिच्यावर,” ती म्हणाली, “आन माझा बी. खंडेनवमीला आदी तिची पूजा. सांगलीच्या येळंला तर संगमाचं तीर्थ आनलं हुतं. म्हटलं, यंत्राला वरनं शिंपडून काय हुतंय, पोटात जाऊ दे. टाकीचं तोंड उघडून वाटीभर घातलं. पुढल्या साली घालाया गेले, तर दौलूनं माझा हात धरला. म्हनाला, आक्का, आत नगं, चाकावर घाल.”

मी खाली मान घालून बसलो. पुढल्या साली... म्हणजे त्याच संध्याकाळी तो माझ्या शेडवर आला होता, आणि तेव्हापासून बाटली आक्काच्या तीर्थासाठी होती, माझ्यासाठी नव्हे. नाव सांगितलं असतं तर मी इथं येऊन काय-काय बोललो असतो, हे तो ओळखून होता. माझ्या तोंडावर त्याचा भरवसा नव्हता, आणि तो बरोबर होता. बहिणीला कळू नये म्हणून त्यानं माझ्यासारखा मित्र जाऊ दिला. मी मात्र त्याला चोर ठरवून मोकळा झालो. फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आक्काच्या हातांकडे नजर गेली. बोटं संधिवातानं वाकडी झालेली. सगळ्या म्हाताऱ्यांची होतात, मला ठाऊक आहे. तरी मी मनातल्या मनात शिवी मागं घेतली, तीनदा.

“सदा, सांगलीला फटफटी बंद का पडली रं?” तिनं विचारलं. “त्यो कवाच बोलला न्हाई.”

“माझ्याकडनं एक नट ढिला राहिला हुता, आक्का.”

“म्हंजे तुझी चूक.”

“व्हय. माझीच.”

ती उठली, देव्हाऱ्यातून बाटली घेऊन आली. “घे, संगमाचं हाय.” तीच बाटली. कागदी पट्टी निम्मी झडलेली, खालचे दोन डोस तेवढे शिल्लक. दारातून ऊन येत होतं. मी बाटली उजेडाकडे धरली नाही. हात पुढं केला आणि तिनं ओतलेलं तीर्थ न बघता पिऊन टाकलं.