ताण दिलेलं झाड

१९ मार्च १९६७, रविवार. सकाळपासून शिकेकाई निवडते आहे. बिया काढून शेंगा उन्हात टाकल्या, आवळकाठी आणि संत्र्याची वाळलेली सालं मोजून ठेवली, आणि मग लक्षात आलं की हातानं सवयीनं दोन घरांचं माप घेतलंय. एक घर गेल्या आठवड्यात कमी झालं.

वहिनी म्हटलं की मला आधी त्यांचा हात आठवतो. वेणी घालून झाली की फणीतले केस ओढून काढायचे, बोटाभोवती फिरवून त्यांचं गुंतवळ करायचं, त्यावर दोनदा थू थू करायचं आणि मगच ते टाकायचं. न थुंकता केस टाकले तर कोणी त्यावर करणी करतं, असा त्यांचा पक्का समज.

"वहिनी, तुमच्यावर करणी करून कोणाला काय मिळणार?"

"सवाष्णीच्या केसाले मोल असते, बाई. तुमाले नाही समजत."

न समजायला काय झालं? मी विशीतच विधवा झाले आणि अमरावतीत मुलींच्या शाळेत नोकरी धरली. वहिनी शेजारच्या भटजींच्या घरच्या. कमरेखाली उतरणारी वेणी, ठसठशीत कुंकू, हिरवा चुडा. गल्लीत कोणाकडे सवाष्ण जेवायला सांगायची म्हटली की आधी यांचं नाव. तुमच्याही गल्लीत अशी एक असेल. भटजी अबोल, एकुलती एक मुलगी अकोल्याला दिलेली. ती बोलावणी हाच वहिनींचा संसार होता. जेवायला निघताना मी अंगणात दिसले की त्या परत आत जायच्या आणि घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायच्या. परतताना मात्र माझ्यासाठी पदराखाली पुरणपोळी असायची. राग कुठल्या तोंडानं धरणार?

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या साली, छप्पन्नला, त्यांना टायफॉइड झाला. त्यातून वाचल्या. ताप उतरला, पथ्य सुटलं, चालत्याफिरत्या झाल्या आणि मग केस सुटले. उशीवर केस, ताटात केस, भटजींच्या सोवळ्यावर केस. टाळू दिसायला लागली. त्या संक्रांतीला समोरच्या वकीलबाईंचं बोलावणं आलं नाही. बिनकेसांची सवाष्ण पाटावर बसवायची कशी? मग इतरांचीही थांबली. वहिनी फणी करायला माझ्याकडे यायला लागल्या. माझ्या घरात त्यांना डोक्यावरचा पदर सांभाळावा लागत नसे. गुंतवळ माझ्याच कोनाड्यात ठेवायच्या.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "तापानं धक्का बसला की जुने केस मागाहून गळतात. तुम्ही बऱ्या होताय. नवे येतील."

वहिनी शेंदूरजनाघाटच्या, माहेरी संत्र्याची बाग. परतताना टांग्यात एकदम म्हणाल्या, "म्हंजे झाडाले ताण देला म्हना न!"

बागेचं पाणी तोडतात, झाड पानं टाकतं, उघडं पडतं. मग पाणी सोडलं की पांढऱ्या फुलांनी लगडतं. त्या दिवसापासून कोणी डोक्याकडे पाहिलं की वहिनींचं उत्तर ठरलेलं, "ताण चालू हाय. बहार येईल." मी गंगावन लावा म्हटलं, तर म्हणाल्या, "झाडाले कागदाची फुलं लावते का कोनी?"

आणि बहार आला. आधी जावळासारखा मऊ, मग बोटभर, मग मानेवर रुळणारा. वकीलबाईंनी चैत्रगौरीला पुन्हा पाट मांडला. वहिनी भरलेली ओटी घेऊन थेट माझ्या दारात आल्या. "पाहा! म्हनलं होतं न?"

गेल्या दिवाळीपासून त्या खोकत होत्या. तोंडात सतत लवंग. संध्याकाळी डोळे लाल, हात गरम. आणि एक दिवस कोनाड्याखाली बसल्या असताना फणीबरोबर मूठभर केस आले. मी घाबरले. त्या हसल्या. "ताण बसला, बाई."

"ताण कसला? तेव्हा ताप गेला, मग केस गेले. आता ताप चालू आहे. हे उलटं आहे, वहिनी. उद्या दवाखान्यात चला."

"तुमचं शाळेतलं गनित नका लावू इथं."

"मी टांगा सांगते."

त्यांनी फणी खाली ठेवली. "अन् छातीचं निघालं तं? मंग कोन बसवते मले पंगतीत? संक्रांत होऊ द्या."

म्हणजे त्यांना कळत होतं. भटजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "ती म्हणते बरं वाटून राहिलं." संक्रांत झाली. वहिनी सगळीकडे गेल्या, सगळीकडून वाण आणलं.

त्यानंतर शेंदूरजन्याहून त्यांचा भाऊ संत्री घेऊन आला. अंगणातच तो बहिणीकडे बघत उभा राहिला. वहिनींनी ताणाचं पालुपद लावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, ताण देलेल्या झाडाची डांग नखानं खरडली तं आतून हिरवी निंगते. तुही डांग पाह्यली का?"

वहिनींनी हात वर केला. हिरवा चुडा घसरत कोपरापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी टांग्यात बसल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. दोन्ही फुफ्फुसं गेली होती. आजकाल या रोगाला औषध आहे, माणसं बरी होतात. दिवाळीत आणायला हवं होतं, म्हणाले. इंजेक्शनं सुरू केली. मी शाळा सुटली की जाऊन फणी करायची. एकदा त्यांनी विचारलं, "बहार कवा येईल, बाई?" मला खोटं बोलता येत नाही. मी गुंता सोडवत राहिले.

त्या गेल्या तेव्हा गल्ली लोटली. खोकल्याला भिणाऱ्या बायाही आल्या. अहेव गेली, भाग्याची गेली, म्हणाल्या. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. अंबाडा काही बसेना, तेव्हा वकीलबाईंनी घरून गंगावन आणलं आणि बांधलं. त्या ओटीला माझा हात चालत नव्हता. मी दाराबाहेर उभी होते.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी उठून कोनाडा रिकामा केला. तळाशी जुनी गुंतवळं, काळी आणि जाड. वर अलीकडची, तांबूस, कोळिष्टकासारखी. परसात लिंबाच्या आळ्यात खड्डा केला आणि सगळी त्यात ठेवली. माझा त्या करणीबिरणीवर विश्वास नाही. तरी वाकून दोनदा थुंकले, माती लोटली, हात धुतले आणि शाळेत गेले.