दादाची साक्ष

आमचा दादा कवळ्या बनवायचा. अर्ध्या गावाचे दात त्याच्या हातचे, पण स्वतःची जीभ काही त्याला कधी आवरता आली नाही. कामाच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, आणि हा मेण कोरता कोरता त्यांच्याशीच वाद घालायचा. "देव आहे तर दुःख का, हाच ना तुमचा प्रश्न? मग ऐका!" जबडे बिचारे ऐकायचे. ते थोडेच उलटून बोलणार!

उलटून बोलायचा तो माझा भाचा, दादाचा एकुलता एक. कॉलेजात विज्ञान शिकवायला लागला आणि देव नाही, असं त्याने घरात सरळ सांगून टाकलं. तेव्हापासून दर रविवारी चर्चहून आल्यावर जेवणाच्या टेबलावर बापलेकाची जुंपायची. दादा त्याचे आक्षेप ध्यानात ठेवायचा आणि आठवडाभर उत्तरं घासूनपुसून तयार करायचा. नास्तिकाला गप्प करावं तर ह्यानेच, असं म्हणत चर्चच्या मंडळीतली माणसं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची. वहिनी मात्र म्हणायची, "अहो, त्याला आधी जेवू तरी द्या."

मग वहिनीच आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले. भाचा रोज संध्याकाळी येऊन तिचे पाय चेपायचा. एकदा ती म्हणाली, "माझ्याबरोबर प्रार्थनेला बसशील?" तो बसला. तिचा हात धरला, डोळे मिटले, आमेनसुद्धा म्हणाला. आईसाठी. आंधळ्यालाही कळलं असतं ते, पण दारात उभ्या असलेल्या दादाला कळलं नाही.

रविवारी उपासनेत दादा साक्ष द्यायला उठला. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते साक्षीत चारचौघांना सांगायचं असतं. दादा म्हणाला, "माझ्या नास्तिक मुलाने गुडघे टेकले. त्याचे सगळे वाद संपले!" गुडघे कुठले? खुर्चीत बसला होता पोरगा! पण टाळ्या झाल्या, कुणीतरी मोबाइलवर ते टिपून सगळीकडे पाठवलं, आणि भाच्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत जाऊन पोचलं.

तो यायचा बंद झाला. मी फोन केला तर म्हणाला, "आत्या, मी आईजवळ बसलो होतो गं. बाबांना त्यातही जिंकायचं होतं."

मला दादाचा असा राग आला की सांगता सोय नाही. "फोन कर त्याला, चुकलो म्हण," मी बजावलं. तर हा म्हणतो, "चुकलो म्हटलं तर साक्ष खोटी ठरेल. मंडळीला काय तोंड दाखवू?"

वहिनी दाराकडे बघत पडून राहायची. शेवटी मला म्हणाली, "त्याला म्हणावं, प्रार्थना नको. नुसता ये." मी निरोप दिला. तो लगेच निघाला, पण पोचायच्या आत वहिनी गेली.

मातीच्या वेळी तो पलीकडच्या बाजूला एकटाच उभा होता. लोक पांगल्यावर दादा त्याच्यासमोर जाऊन थांबला. आता तरी पोराला पोटाशी धरू दे, असं मी मनातल्या मनात देवाला विनवत होते.

"तुझा प्रश्न मला समजतो," दादा म्हणाला, "पण दुःखाचं असं आहे बघ..."

पोराने काहीच विचारलं नव्हतं. तो वळला आणि फाटकातून बाहेर पडला. दादा बोलतच राहिला.