नववा प्रश्न

हे लिहायचा मला अधिकार आहे का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिवाय गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपलंच दुःख मांडत बसणं बरं नव्हे, एवढं कळतं. तरी लिहितोय. माफ करा.

समुपदेशनाच्या शेवटच्या वर्षाला मला पहिला पेशंट मिळाला. वाळूजच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचे, गाव गंगापूरकडचं, वय माझ्या वडिलांएवढं. ते मला साहेब म्हणायचे, मी त्यांना काका.

दर मंगळवारी एक छापील तक्ता विचारून भरायचा असे. झोप, भूक, भीती. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी कधीच विचारला नाही. आई म्हणायची, "अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." वडिलांसारख्या माणसाला असं तोंडावर कसं विचारायचं? काका हसतायत, बोलतायत, एवढं बघून मी 'नाही'वर खूण करायचो. सहा मंगळवार, सहा खुणा.

सातव्या मंगळवारी ते आले नाहीत. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. फाईल समोर उघडीच होती.

"काल त्यांनी आत्महत्या केली. नववा विचारला होतास ना?"

"हो, मॅडम."

"मग रडतोस कशाला? कागद स्वच्छ आहेत. सुटलास."

हॉस्टेलवर एक मित्र म्हणाला, "पहिला गेला ना भावड्या? आता तू पक्का डॉक्टर!" सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर समोर कुणी बसलं की मी आधी नववाच विचारायचो. इतक्या घाईनं, की एक मुलगी उठून निघून गेली. मॅडमनी मात्र मी भरलेली काकांची फाईल, नाव झाकून, ज्युनिअरांना नमुना म्हणून दाखवली.

महिन्याभरानं काकांची बायको उपचाराचा कागद न्यायला आली. कंपनीत द्यायचा होता. तो हातात देताना मी म्हणालो, "काकू, ते मला कधी काहीच बोलले नाहीत."

"बोलले असते," त्या म्हणाल्या. "समोरच्याच्या पुढ्यातला उलटा कागद बी वाचायचे ते. सारी जिंदगी तपासणीतच गेली. घरी येऊन सांगायचे, साहेबांनी आज बी नववा इचारला नाय, आपल्याच मनानं खूण केली. पुढल्या मंगळवारी इचारतील, तवा सांगीन."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"शेवटच्या खेपंला म्हणाले, ऱ्हाऊ दे. पोराला ऐकायचं नाय."